बाबा, मी एम.टेक.ला जात नाहीये

कर्वेनगर, पुणे
१२ जुलै

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. दर वेळी आई "जेवलीस का" वर आली आणि बाबा "बरं, ठेवतो" म्हणाले. म्हणून लिहितेय. पत्र मोठं आहे. संध्याकाळची धार काढून झाली की निवांत बसा आणि आई, तू वाचून दाखव. बाबांनी कागद नाकाशी धरून स्वतः वाचायचा नाही.

एम.टेक.ची सीट मी सोडली.

आयआयटीची ऑफर आली होती, हे तुम्हाला माहीत आहे. ठरलेल्या मुदतीत होकार किंवा नकार कळवायचा होता. मी नकार कळवला. घाईत नाही, रागात नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून तर नाहीच. दादाच्या वेळेसारखं महिनोन्महिने लपवूनही ठेवलेलं नाही. कळवलं त्याला आज चौथा दिवस आहे आणि हे चार दिवस मी हेच पत्र मनात लिहीत होते.

बाबा, आधी पैशांचं बोलते, कारण तुम्ही रात्रभर तेच घोळवत बसाल. हे पैशांमुळे झालेलं नाही. गेट या प्रवेश परीक्षेतून गेलेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, होस्टेलचं त्यात कसंबसं भागलं असतं, थोडं माझ्याकडे साठलेलं आहे. तुम्ही कमी पडलात असं एकदाही मनात आणू नका. तुम्ही कमी पडलात असा एक दिवस मला आठवत नाही. आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. याच वर्षीचा आहे, म्हणजे अजून दोनदा अर्ज करता येईल. जायचंच ठरलं तर जाईन.

तुम्ही रविवारी विचारलंत, चार वर्षं प्रोग्रॅमिंगच शिकलीस ना, मग नोकरीत नवीन शिकण्यासारखं काय उरलंय? प्रश्न रास्त आहे आणि फोनवर मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आता नीट देते.

तुम्ही आयटीआयमधलं ते इंजिन सांगायचात. मधोमध कापलेलं, आतले भाग लाल-निळे रंगवलेलं, स्टँडवर बसवलेलं. पिस्टन कुठे, व्हॉल्व्ह कुठे, सगळं स्वच्छ दिसायचं. मग विट्याच्या एसटी डेपोत अप्रेंटिस म्हणून गेलात आणि पहिलं खरं इंजिन बघितलंत, ते ग्रीसने इतकं माखलेलं की नट कुठे आहे ते बोटांनी चाचपून शोधावं लागलं. आधी तीन जणांनी ते तीन तऱ्हांनी जोडलेलं, एक बोल्ट दुसऱ्याच गाडीचा, आणि सकाळी सहाच्या फेरीला हीच गाडी लागणार. माझं कॉलेज म्हणजे ते रंगवलेलं इंजिन होतं आणि आता मी डेपोत आले आहे.

कॉलेजात दर आठवड्याला एक असाइनमेंट असायची. लिंक्ड लिस्ट, स्टॅक, टॉवर ऑफ हनोई, लायब्ररी मॅनेजमेंट. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं, मागच्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमध्ये ते लिहिलेलंही असायचं. प्रोग्रॅम एकदा चालला, आउटपुटची प्रिंट चिकटवली, सरांची सही झाली की तो प्रोग्रॅम संपला. मी चार वर्षांत दीडशेच्या वर प्रोग्रॅम लिहिले असतील. त्यातला एकही सहीनंतर कुणी दुसऱ्यांदा चालवला नाही. पहिल्या वर्षी लॅबमध्ये प्रोग्रॅम लिहायला टर्बो सी प्लस प्लस हे सॉफ्टवेअर होतं, निळ्या पडद्याचं. ते १९९० च्या सुमाराचं. त्यावर आम्ही जे लिहायचो त्यातलं बरंचसं १९९८ साली सी प्लस प्लस भाषेचं प्रमाण ठरलं तेव्हाच मागे पडलं होतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

इथे आले तर पहिले तीन आठवडे मला एक ओळ लिहू दिली नाही. नुसतं वाच म्हणाले. आमची दूध संकलनाची प्रणाली अकरा वर्षांची आहे. ज्यांनी ती सुरू केली त्यातलं आता कुणी कंपनीत नाही. दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचायचा, त्याने असं का केलं असेल ते ओळखायचं, आपण हात लावल्यावर दुसरीकडे काय हलेल ते शोधायचं, याचा कॉलेजात एकही तास नव्हता. तिथे प्रत्येक वेळी कोऱ्या पानापासून सुरुवात. माझं पहिलं काम एक ओळ बदलण्याचं होतं आणि त्याला चार दिवस लागले. बाबा, मी तेव्हा रडले होते. तुम्हाला सांगितलं नाही. आता सांगते कारण आता ते काम मला अर्ध्या तासात येतं.

तुम्ही वर्कशॉपात काम झालं की रजिस्टरमध्ये लिहायचात. कोणता भाग काढला, का काढला, काय बसवलं. रात्रपाळीच्या माणसाला सकाळी तुम्हाला शोधत यायला लागू नये म्हणून. मला सुट्टीत डब्याबरोबर डेपोत पाठवायचीस ना आई, तेव्हा मी ते रजिस्टर बघत बसायचे. बाबांचं अक्षर सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जास्त ओळींचं. आमच्याकडे त्या रजिस्टरच्या जागी गिट आहे. लिनस टोरवाल्ड्स या माणसाने २००५ साली ते बनवलं आणि आज जगभरातले प्रोग्रॅमर त्यात आपली नोंद करतात. प्रत्येक बदलाबरोबर कुणी केला, कधी केला, का केला. आमचा कॉलेजचा प्रोजेक्ट चौघांत होता आणि पेनड्राइव्हवर "फायनल", "फायनल २", "नवीन फायनल" असे फोल्डर होते. मला गिटची नोंद नीट लिहायला कुणी शिकवलं नाही, तरी ऑफिसातल्या आमच्या मॅडमनी माझी पहिलीच नोंद बघून विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, वडील एसटीत होते.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं. आई, हे तू विशेष लक्ष देऊन वाच, हे तुझ्या दुधाचं आहे.

आपल्या डेअरीत गाईचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागाला, ठरलेला असतो, हे तुला माझ्याहून जास्त कळतं. फॅट वाढली की पॉइंटमागे पैसे वाढतात. मी मार्चमध्ये तो हिशोब नव्याने लिहिला. लागलेल्या फॅटमधून ३.५ वजा करायचे, ०.१ ने भागायचं, किती पॉइंट ते काढायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा. सरळ गणित. मी तपासलंही. फॅट ३.५ टाकली, ४.० टाकली, ४.५ टाकली. तिन्ही उत्तरं बरोबर आली. कॉलेजात तेवढ्यावर सही मिळाली असती.

दुसऱ्या दिवशी एका गावातल्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला. वयस्कर गृहस्थ, अजून वहीत हिशोब ठेवतात. म्हणाले, ४.१ फॅटला सहा पॉइंट व्हायला पाहिजेत, तुमचं मशीन पाच धरतंय. ३.६ ला बरोबर येतंय, ३.८ ला परत एक पॉइंट कमी. मला वाटलं त्यांचंच चुकत असेल. मग मी करून बघितलं. संगणकाने ४.१ मधून ३.५ वजा करून ०.१ ने भागलं आणि उत्तर दिलं ५.९९९ आणि पुढे कितीतरी नऊ. सहा नाही. मी अपूर्णांक सोडून द्यायला सांगितलं होतं, त्याने ते सगळे नऊ सोडले आणि पाच धरले.

कारण असं की संगणक आकडे दोनाच्या हिशोबात ठेवतो. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही, तीन तीन तीन करत बसावं लागतं, तसं त्याला ४.१ पुरता ठेवता येत नाही. किंचित कमी ठेवतो. ३.५, ४.० आणि ४.५ मात्र त्याला नेमके ठेवता येतात. म्हणजे मी तपासायला नेमके तेच तीन आकडे घेतले जिथे चूक दिसूच शकत नव्हती.

त्या दरपत्रकात एका पॉइंटला ३० पैसे होते. दोन्ही वेळचं वीस लिटर दूध घालणाऱ्या बाईचे दिवसाला सहा रुपये, दहा दिवसांच्या बिलात साठ. मला पडद्यावर आकडा दिसतच नव्हता. स्टीलची किटली घेऊन पावती पदराला बांधणारी तूच दिसत होतीस. एरवी ती बाई मशीनवर विश्वास ठेवते. सचिवांनी वही ठेवली नसती तर तिला कधीच कळलं नसतं.

दहा दिवसांचं बिल निघायला अजून अवधी होता. मी आणि मॅडम रात्री बसलो, फॅटच्या मूळ नोंदी होत्या त्यांवरून शहाऐंशी उत्पादकांचा हिशोब पुन्हा काढला. आता आम्ही ४.१ न ठेवता ४१ ठेवतो आणि ३५ वजा करतो. पूर्ण आकडे, त्यात नऊची रांग येत नाही. पैसेही रुपयांत न ठेवता पैशांत. सकाळी मी स्वतः सचिवांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, पोरी, बिल निघायच्या आधी सापडलं ना, मग झालं.

बाबा, हेच प्रकरण मी दुसऱ्या वर्षाला आठ मार्कांसाठी लिहिलं होतं. दशांश आकडे संगणकात कसे ठेवायचे याचं १९८५ सालचं प्रमाण आहे, आय ट्रिपल ई ७५४. आकृती काढून, चौकटी रंगवून लिहिलं आणि आठपैकी आठ मिळाले. माहिती माझ्याकडे होती. पण ती दुधाच्या पावतीत भेटली तेव्हा मी तिला ओळखलं नाही.

म्हणून कॉलेज वाया गेलं असं मी म्हणत नाही. आमचे एक सर प्रत्येक प्रोग्रॅम कागदावर ड्राय रन करायला लावायचे, एकेक ओळ, एकेक आकडा, तक्ता आखून. मुलं कंटाळायची. त्या रात्री मी कागदावर तसाच तक्ता आखला आणि तिसऱ्या ओळीत चूक सापडली. ते आठ मार्क नसते तर नऊची रांग बघून मी मशीन बिघडलंय म्हणाले असते. शिकलेलं सगळं लागतं. फक्त कुठे लागणार हे तिथे कुणी सांगू शकत नाही, कारण तिथे समोर माणूस नसतो.

आणखी एक सांगते, तुम्हाला आवडेल. लहानपणी डिक्शनरीत शब्द शोधायला तुम्ही मला शिकवलं होतंत, आठवतं? पहिल्या पानापासून जायचं नाही. मधोमध उघडायचं, आपला शब्द पुढे की मागे ते बघायचं, उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य. मी तुमच्या मांडीवर बसून उघडायचे आणि तुमच्या हातांना साबण लावूनही डिझेलचा वास यायचा. तोच वास मला अजून अभ्यासाचा वाटतो. त्या पद्धतीला बायनरी सर्च म्हणतात, कॉलेजात पहिल्या काही धड्यांतच असते. मध्य काढायला दोन्ही टोकांची बेरीज करून निम्मी करायची. सगळी पुस्तकं असंच सांगायची. पण नेहमीच्या पूर्णांकाच्या जागेत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या वरचा आकडा मावत नाही. यादी फार मोठी असेल तर ती बेरीज त्यापुढे जाते आणि चक्क उणे होते. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर तयार प्रोग्रॅमचा जो संग्रह येतो, त्यातल्या शोधात ही चूक नऊएक वर्षं होती. तो प्रोग्रॅम लिहिणारे जोशुआ ब्लॉक मोठे जाणकार, २००६ साली त्यांनी स्वतःच हे जाहीर लिहिलं. उपाय एवढाच की बेरीज करायची नाही, दोन टोकांमधल्या अंतराचं निम्मं काढून खालच्या टोकात मिळवायचं. पुस्तकातला प्रोग्रॅम जोवर खऱ्या आकाराच्या कामाला लागत नाही तोवर तो बरोबर आहे की नाही हे कळत नाही. मला आत्ता कुठे ते काम मिळायला लागलंय. पुढच्या महिन्यात दरपत्रकाचा सगळा भाग मी नव्याने लिहायचा आहे, मॅडमनी माझंच नाव दिलंय. तो अर्ध्यात टाकून पुन्हा असाइनमेंटच्या बाकावर जाऊन बसायला माझं मन तयार होत नाही.

एम.टेक. वाईट आहे असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. ज्याला संशोधन करायचंय, नवीन काही शोधायचंय त्याने जावंच. कुंडलला गेलो होतो त्या दिवशी देवळाबाहेर तुम्ही जे बोललात ते मी विसरलेले नाही. नावापुढे ती दोन अक्षरं लागावीत ही आईची इच्छाही मला माहीत आहे. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय, तेही. त्याचं मला फार वाईट वाटतं. विचारलं कुणी तर सांगा, कामात अडकली आहे, नंतर जाईल. खोटं नाहीये ते.

माझी काळजी करू नका. डबा चांगला आहे, आठवड्यातून दोनदा भाकरी असते. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून अर्धी बरणी आहे, रूममधल्या दोघींना मोजून देते. ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं, बस दारातून मिळते. खुर्ची नवीन घेतली, पाठ दुखायची थांबली. रात्रीचं जागरण रोज नसतं. महिन्यातून एक आठवडा माझी ड्यूटी असते, त्या आठवड्यात मी पहाटे पाचला उठते, कारण साडेपाचला संकलन सुरू होतं आणि कुठे काही अडलं तर फोन मला येतो. आई, तू गौरीच्या पुढ्यात वैरण टाकायला उठतेस त्याच वेळी. त्या आठवड्यात मला घरी असल्यासारखं वाटतं. चहा करते, खिडकीशी बसते आणि मनात म्हणते, आता आई चरवी घासत असेल.

आता माझं ऐका. दोघांनीही.

बाबा, मला काकांनी सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही "पोरीचं ॲडमिशन झाल्यावर बघू" म्हणून पुढे ढकललंत. मी चार दिवस झोपले नाही ती सीटमुळे नाही, यामुळे. आता ॲडमिशन नाही, तेव्हा सबबही नाही. ती एफडी माझ्या नावाने बाजूला ठेवलेली होती ना, ती पिकली की दोघांच्या नावावर पुन्हा ठेवा, तिला हात लावू नका. ऑपरेशनचे पैसे मी देणार. यावर बोलायचं नाही. त्याआधी साखर आटोक्यात लागते, म्हणून उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. गोळी जेवणाआधीची आहे ती जेवणाआधीच. ऑपरेशननंतर थेंब वेळेवर घालायचे, डॉक्टर सांगतील तितके दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकून गाडीचा प्लग काढायला बसायचं नाही. मी पाच दिवसांची रजा मांडलीय, मंजूरही झालीय. थेंब मी घालणार. लहानपणी मला १२-१३ चा पाना दे म्हणायचात आणि मी अचूक द्यायचे, तसेच तेही अचूक पडतील.

आई, वैरणीचा भारा डोक्यावर आणायचा नाही. गड्याला दे वीस-पन्नास रुपये. गॅसची नळी बदललीस का? फोटो पाठव, नुसतं हो म्हणू नको. आणि दुधाच्या पावत्या फेकू नको, डब्यात ठेवत जा. आपल्या डेअरीत आमचं मशीन नाही, तरी मला त्या बघायच्या आहेत. ऑपरेशन झालं, बाबांना दिसायला लागलं की दोघं इकडे या आठ दिवस. तुला एसटीत अर्धं तिकीट आहे, खर्चाचं कारण सांगू नको. मी तुम्हाला ऑफिस दाखवते, मॅडमना भेटवते.

बाबा, तुम्ही नाराज असाल तर असा. मला तसं सांगा. "बरं" म्हणून फोन ठेवू नका.

मी येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीने येतेय. विट्याला पोहोचायला अकरा वाजतील. तुम्ही अंधारात गाडी काढून स्टँडवर यायचं नाही, समोरून दिवे आले की तुम्हाला आता काही दिसत नाही. वडाप नाही मिळालं तर काकांना फोन करेन. दाराची कडी काढून झोपा.

तुमची,
मनी